वास नसलेलं पाणी

माझं माहेर गंगेकाठचं आन् सासर हे शहागड. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आम्ही भोई, मासे धरायचे आन् इकायचे. बाप मला लहानपणीच काठावर बसवायचा, हात बुडव म्हणायचा, आता सांग. काय सांगू ताई तुम्हाला, शाळा दोन इयत्ता झाली पण पाण्याची शाळा पक्की झाली. पूर यायच्या आधी पाणी तांबूस होतं, काटक्या येतात, फेस येतो, आन् मातीचा वास येतो, नुकत्या नांगरलेल्या वावरासारखा. वास आला की जाळी गोळा करायची. बराबर यायचं माझं, म्हणून सासरा मलाच इचारायचा, मंग सगळी आळी इचारायला लागली. गडी सकाळी दारावरून जायचे, वैनी, पाणी कसंय? मी जा म्हणलं की जायचे. मालक हसायचे, आमच्या घरात हवामान खातं हाय म्हणायचे, पगार तेवढा न्हाई.

त्या दिवशी लख्ख ऊन पडल्तं. मालक आदल्या सांजचं जाळं उचलायला निघाले, ट्रकच्या ट्यूबवर बसून जायचे ते. मी हात बुडवला. पाणी निवळ, काडी न्हाई, वास न्हाई. गार मातर होतं, नेहमीपेक्षा गार. ते मला कळल्तं, खोटं कशाला बोलू. गार लागतंय म्हणलं मी. ते म्हणले, मंग जाऊ का नको, जल्दी सांग. मी म्हणलं, जा.

वर धरणातून पाणी सोडल्तं. मोबाइलवर निरोप आल्ता, मोबाइल घरी खुंटीवरच्या सदऱ्यात. आता धरणाचं पाणी दरसाल सोडतात, पण पावसात, तवा ओढ्यांची माती मिसळून येते आन् आम्हाला वाटतं आपण वासावरून वळखलं. ह्या खेपेला पाऊस वरच्या अंगाला, इकडं थेंब न्हाई. निस्तं धरणाचं गार पाणी, त्याला माती लागलेलीच न्हाई तर वास कुठून येईल? बाप शिकला तवा वर धरणच नव्हतं, त्यो मला काय शिकवणार.

पाणी चढलं तसं मी वरडले, जाळं सोडा, जाळं सोडा. नवं होतं, सोडलं न्हाई त्यांनी. तिसऱ्या दिवशी खाली सापडले, जाळ्यासकट.

दिरानं मला बोल लावला न्हाई. पोलीस पण म्हणले, मावशी, तुमचा काय दोष. कोणी बोललं असतं तर मी भांडले तरी असते.

आता मी शेततळ्यातला मासा आणते, हायवेला बसून इकते, पोटापुरतं होतं. दीर सकाळी पाण्यावर जाताना दारात थांबतो. वैनी, चहा झाला का? वैनी, बाजारातून काही आणायचं का? बाकीचे पण तसंच, लई जपतात मला. पाणी कसंय, म्हणून एक जण इचारत न्हाई. न्हाई तर न्हाई. दुपारपर्यंत सगळे सुखानं घरी येऊ दे, एवढंच म्हणते मी गंगेला.