गुप्तीचं लायसन

काठी बघून तुमी माझ्या गुडघ्याचं विचारता, म्हणून सांगतो. ही गुप्ती हाय. काठीच्या पोटात हातभर पातं हाय. वळसंगच्या शेताच्या बांधावरनं चुलतभाऊ शिवण्णाचं नि माझं फाटलं, तसा मी गपचूप लायसनचा अर्ज टाकला.

फौजदारानं विचारलं, "दुश्मन कोण?"

नाव घेतलं तर म्हणणार, ह्याला खून करायचाय. म्हणलं, "कुणीच न्हाय, साहेब. वाटंत भ्या वाटतं."

त्यानं मला खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि चौकशीला हवालदार धाडला. चालचलणुकीला पंच पायजे म्हणून हवालदारानं शेजारच्या शिवण्णालाच हाक मारली!

शिवण्णा म्हणाला, "लई गरीब माणूस हो," आणि झोकात सही ठोकली.

एवढ्या खुशीत का केली, काय उमजंना.

आठ दिवसांनी तोच हवालदार परत दारात. हातात शिवण्णाचा अर्ज. "पंच म्हणून तुमचं नाव दिलंय त्यानं."

काय करता? केली की सही.

तवापासनं आमी दोघंबी बांधावर काठी टेकत जातो, आणि एकमेकाच्या गुडघ्याची चौकशी करतो.