निसर्गशाळेची गाडी

(पूर्व स्लोव्हाकियातल्या एका गावाबाहेरची रोमा (जिप्सी) लोकांची वस्ती. एप्रिलची दुपार. अरांकाचं स्वयंपाकघर. टेबलावर कॉफीचे दोन पेले आणि शाळेतल्या बाई दारिना यांनी आणलेला एक अर्ज.)

दारिना : सही नका करू हवं तर, पण एकदा शेवटपर्यंत ऐकून तरी घ्या, अरांका मावशी.

अरांका : ऐकलं की मघाशी. आधी कॉफी प्या, बाई. गाळ बसलाय खाली.

दारिना : वस्तीतल्या दहा घरांनी सह्या दिल्या. तुमचं अकरावं, शेवटचं. पाचच्या आत अर्ज गेला नाही तर अनुदान गेलं म्हणून समजा.

अरांका : मग न्या ना दहा जणांना. माझ्या एका नातीवाचून काय अडलंय?

दारिना : तिच्यावाचूनच अडलंय. अनुदान देणाऱ्या संस्थेची अटच तशी आहे, वर्गातलं एकही मूल मागे राहता कामा नये. सगळी जातील, नाहीतर कोणीच नाही. निसर्गशाळा म्हणजे तात्रा डोंगराच्या पायथ्याशी आठवडाभर राहायचं; जेवण, गाडी, वाटाड्या, चिखलातले बूट, सगळा खर्च त्यांचा. दरवर्षी गावातली मुलं पैसे भरून जातात आणि वस्तीतली शाळेत बसून चित्रं रंगवतात. मला नाही बघवत आता.

अरांका : आणि शिकवणार काय तिथं?

दारिना : झाडं, पक्षी, अळंबी ओळखायला.

अरांका : आमच्या झानेताला? अहो, पाच वर्षांची होती तेव्हापासून माझ्याबरोबर ब्लूबेरी वेचते ती. तुमच्या वाटाड्यालाच धाडा इकडे, फुकट शिकवते.

दारिना : अर्जात एक प्रश्न होता. मुलांनी आजवर जंगल पाहिलंय का, म्हणून.

अरांका : काय लिहिलंत?

दारिना : ...'नाही'.

अरांका : शाबास! आमच्या चुली काय तुमच्या कागदांवर पेटतात? लिहा, रोज पाहतात. लाकडं वेचताना रखवालदार कुत्रं सोडतो, म्हणून जरा पळत पळत पाहतात.

दारिना : चुकलं माझं. वाटलं, 'नाही' लिहिलं तर त्यांना दया येईल. खोडते आत्ता. तुम्ही म्हणालात तसंच लिहिते.

अरांका : कुत्र्याचं तेवढं नको. म्हणतील, अनवाणी एवढी पळतात, तर बूट कशाला?

दारिना : मावशी, झानेताला जायचंय.

अरांका : मला का ठाऊक नाही? पलंगाखाली पिशवी भरून ठेवलीय. सपाता, पायजमा, दातांचा ब्रश. माझा डोळा लागला असं वाटलं की सगळं बाहेर काढते, घड्या घालते, परत ठेवते. तिची आई तिकडे इंग्लंडात कामाला, ती फोनवर म्हणते जाऊ दे. पण ती पिशवी बघितली की माझा हात सहीकडे जात नाही.

दारिना : कशानं?

अरांका : मीही भरली होती एकदा. चौथीत होते. आईनं दुलईच्या खोळीचा पायजमा शिवला. सपाता शेजारणीच्या, दोन बोटं मोठ्या. शाळेच्या चिठ्ठीत होतं, सोमवारी सातला निघायचं. कुठून, ते नव्हतं. गावाला माहीतच होतं, शाळेच्या अंगणातून. आम्हांला कोण सांगणार? सहकारी शेताची लॉरी बटाटे काढायला माणसं न्यायची ती फाट्यावरून. आमच्या लेखी गाडी यायची ती फाट्यावरच. मी तिथं पहाटेच जाऊन उभी राहिले.

दारिना : आणि गाडी?

अरांका : आली की! निळीशार. आत सगळी गात होती. खिडकीतून पोरींनी हात हलवले, मीही हलवला. वाटलं, पुढं जागा बघून वळवेल. दुपारपर्यंत उभी होते.

दारिना : बाईंनी मुलं मोजली नाहीत?

अरांका : मोजली असतील. वस्तीतली एक कमी भरली, त्यात काय मोठंसं! जंगल मला नवं नव्हतं हो, ते तर मागच्या दारी. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. एका रांगेत खाटा, एका टेबलावर जेवण, शेकोटीभोवती गाणी. परत आल्यावर महिनाभर त्या तेच बोलायच्या आणि मी ऐकत बसायचे. आजही निळी गाडी दिसली की मान वळते माझी. साठी आली, पण मनाला लाज नाही.

दारिना : कुठलं वर्ष, मावशी?

अरांका : चौऱ्याहत्तर. का?

दारिना : माझी आई त्याच वर्गात होती. विएरा. सुताराची.

अरांका : लाल रिबिनींची विएरा? खिडकीशी तीच तर होती! म्हणजे विएराची पोर तू?

दारिना : ती अजून सांगते, नाताळची जेवणं झाली की. म्हणते, आम्ही निसर्गशाळेला निघालो तेव्हा वस्तीतली एक मुलगी मुद्दाम फाट्यावर आली होती, आम्हांला निरोप द्यायला. केवढी हसत होती, म्हणते. पिशवीचं कधी बोलली नाही. मला ती गोष्ट फार आवडायची.

अरांका : ...निरोप द्यायला.

दारिना : आज घरी गेले की सांगते तिला खरं काय ते.

अरांका : काही नको. तिच्या आठवणीत मी हसतेय ना? हसू दे.

दारिना : मावशी...

अरांका : डोळे पूस. अर्ज भिजेल.

दारिना : यात अजून एक जागा रिकामी आहे. वस्तीतलं एक मोठं माणूस मुलांबरोबर हवं, राहण्याजेवणासकट. कोणी तयार होत नाही.

अरांका : माझ्याकडे काय बघतेस? गुडघे बघ माझे.

दारिना : वाटाड्या शहरातला आहे. अळंबी पुस्तकात बघून ओळखतो.

अरांका : म्हणजे पोरांना विष घालणार. आण इकडे पेन. कुठं करू?

दारिना : इथं झानेतासाठी. आणि खाली तुमची स्वतःची. पण मंजूर होईलच असं नाही, हं.

अरांका : वाट बघायची सवय आहे मला. सपाता न्याव्या लागतात ना अजून?

दारिना : लागतात.

अरांका : यंदा मापाच्या घेईन. आणि त्या गाडीवाल्याला आत्ताच सांगून ठेव पोरी, फाट्यावर थांब म्हणावं. मी पहाटेच येऊन उभी राहीन.