फळीतनं ऐकलेला अल्बम

कानाच्या डॉक्टरांकडं लाकडी बाकड्यावर दोन म्हातारे बसले होते. टेबलामागच्या आदितीला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. अख्ख्या पेठेलाच येत असणार.

"नेमगोंडा, पोरीच्या ब्यांडचा पयला अल्बम आलाय! काल हॉलमदी सगळा वाजीवला. माझी अर्शी गिटारवर!"

"गायलं कोण, ख्वाजा?"

"आं?"

"गायलं कोण म्हणतोय!"

"कोणच न्हाई! नुसती वाद्यं! गाण्यातलं शब्द मला कळत न्हाईत. लोकं हसली की मी मागनं हसतो. काल कुणाच्या मागं न्हवतो की!"

"पर ऐकलंस कसं? फौंड्रीत कान गेलं तुझं."

"स्टेजच्या फळीवर जाऊन बसलो. ड्रम बुडातनं वर, पार छातीपतोर! पोरं नाचत हुती, मीबी मान हलवतोय, बरोब्बर ठेक्यात!"

"मग आता कानाचं मशीन कशाला? इतकी वर्सं नको नको म्हणतोस."

"शेवटचं तेवढं पोचलं न्हाई. अर्शी एकटीच, लई हळू वाजीवती म्हणं. मला वाटलं संपलं. उठून टाळ्या वाजीवल्या."

"मधीच? आरं तिच्या!"

"व्हय! पोरगी हसली, बसा म्हणून खूण केली. घरी आल्यावर कानाशी वरडून सांगितलं, त्याचं नाव 'अब्बा' ठेवलंय."

आदितीनं पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि मिटलं. उठून ती बाकड्यापाशी आली. फळीवर तिनं तळहातानं दोनदा थाप मारली.

ख्वाजाचाचा ताडकन उठले.

"आलो की!"