परत आलेली एकाहत्तर पत्रं

(घाटकोपर, पंतनगर. जयवंतमामांचं घर. टेबलावर त्यांचा जुना लॅपटॉप, शेजारी अबोलीचा फोन.)

अबोली : मामा, हा एकच मेल तुम्ही या पत्त्यावर किती वेळा पाठवलात?

जयवंत : तीनदा. परत आला की पुन्हा टाकायचा.

अबोली : सगळ्यांना असंच करता?

जयवंत : ज्यांचे परत येतात त्या सगळ्यांना. एकतीस वर्षं पोस्टात पत्रं वाटली गो. दार बंद दिसलं म्हणून पहिल्याच खेपेला पत्र मागे धाडलं, असं कधी केलं नाही. माणूस कामावर असेल, गावाला गेला असेल. आपण पुन्हा जायचं.

अबोली : मेलचं तसं नाही ना. दोनशे बारा पत्त्यांतले एकाहत्तर परत येतायत, आणि प्रत्येकाला तुमच्या तीन-तीन खेपा. मेल कंपन्यांना वाटतं, हा कुठून तरी पत्ते उचलून वाटेल त्याला मेल मारतोय. मग जे पत्ते चालू आहेत, त्यांनाही तुमचा मेल स्पॅममध्ये जातो.

जयवंत : वाटेल त्याला? बॉम्बे ब्लड ग्रुपसारखं दुर्मिळ रक्त, त्याचा एकेक देणारा माणूस शोधून काढलाय मी. मुलुंडपासून मढपर्यंत. एकासाठी तर गोवंडीला चार फेऱ्या मारल्या.

अबोली : मला माहितीये. मशीनला माहीत नाही.

जयवंत : म्हणजे तुझ्या आईच्या वेळेला कोणाचंच उत्तर आलं नाही, ते…

अबोली : बोरिवलीच्या राजेश तावडेंचं काल उत्तर आलं. आईच्या रक्ताचा मेल त्यांना स्पॅममध्ये सापडला, नऊ दिवसांनी. लिहिलंय, आधी दिसला असता तर त्याच दिवशी आलो असतो.

जयवंत : नऊ दिवस.

अबोली : ते आज सकाळी येऊन रक्त देऊन गेले. एक बाटली झाली. अजून दोन लागतात. एकदा ऑपरेशन पुढे ढकललंय, आता शुक्रवार. डॉक्टर म्हणाले, याच्यापुढे नाही थांबता येणार.

जयवंत : आणि मी लोकांना शिव्या घालत बसलो. म्हटलं, माणसं बदलली. तुझी आई, कमल, पंधरा वर्षं मला भाऊबीजेला ओवाळते, आणि मीच तिच्या वाटेत आडवा पडलो.

अबोली : काल ते उत्तर वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला होता मामा. खोटं कशाला बोलू. खूप आला होता.

जयवंत : यायलाच पाहिजे.

अबोली : आता नाहीये. फोन करून झाले, निम्मे नंबर बंद, उरलेले उचलत नाहीत. आता मेलवरच सगळं आहे. यादी साफ करायला बसूया, चला.

जयवंत : साफ म्हणजे नावं काढायची?

अबोली : सगळी नाही. हे बघा, परत येण्याची कारणं दोन. या बारा जणांची मेलपेटी भरलीये. माणूस असेल, फक्त मेल बघत नसेल. त्यांना आज सोडू, थोड्या दिवसांनी परत बघू.

जयवंत : दार बंद.

अबोली : हां. आणि या एकोणसाठ जणांचा पत्ताच राहिलेला नाही.

जयवंत : चाळच पाडली. तिथे टॉवर उभा राहिला.

अबोली : बरोबर. तिथे पुन्हा जाऊन काय करणार? तुम्ही काय करायचात तेव्हा?

जयवंत : पत्रावर शेरा मारायचा. 'घर सोडून गेले.' नाहीतर 'मयत.' आणि पाठवणाऱ्याकडे परत. पण नाव पुसत नसतो गो आपण. ही देणारी माणसं आहेत. सीतारामने सत्तावीस वेळा रक्त दिलंय.

अबोली : मग पुसायचं नाही. वेगळी यादी करू, नाव तसंच ठेवू, पुढे शेरा तुम्ही सांगा, मी लिहिते. या यादीला मेल जाणार नाही, एवढंच.

जयवंत : हे चालेल. सांग एकेक.

अबोली : चंद्रप्रकाश शहा.

जयवंत : बडोद्याला मुलाकडे गेला. 'घर सोडून गेले.'

अबोली : सीताराम परब.

जयवंत : मयत. गेल्या गणपतीत.

(तासाभराने.)

अबोली : मामा, आता सत्तावन्न जणांचे झाले. दोन राहिले. तेजल ठक्कर.

जयवंत : लग्न होऊन गेली. नवा मेलचा पत्ता वहीत आहे माझ्या, शोधून देतो. दुसरं?

अबोली : शेवंतीमामींचं आहे.

जयवंत : ते राहू दे.

अबोली : सहा वर्षं परत येतोय मामा.

जयवंत : मला काय माहीत नाही? पहिला मेल कायम तिलाच. आपण बरोबर पाठवतोय की नाही ते कळायला. ती आतून सांगायची, 'आला.' मग मी बाकीच्यांना पाठवायचो. ती गेल्यावरही पहिला तिलाच टाकत राहिलो. परत यायचा, तो पुन्हा टाकायचो. तेवढंच तिचं काम राहिलं होतं माझ्याकडे.

(अबोली कर्सर मामींच्या नावापुढे नेऊन ठेवते.)

जयवंत : लोकांच्या दारात उभा राहून हा शेरा किती वेळा लिहिला असेल. घरातल्या माणसावर नाही लिहिला कधी.

अबोली : मी लिहू का?

जयवंत : नको. लॅपटॉप इकडे दे. 'म' कुठे गेला… हां. मयत. झालं.

अबोली : आता एकदम सगळ्यांना नाही पाठवायचं. मशीनचा विश्वास एका दिवसात परत येत नाही. आधी ज्यांनी वर्षभरात उत्तर दिलंय त्या चाळीस जणांना. संध्याकाळी पुढचे.

जयवंत : आणि बरोबर जातोय की नाही, ते कसं कळणार?

अबोली : यादीच्या पहिल्या ओळीत माझा पत्ता घाला. मी फोन घेऊन आत जाते. तुम्ही आधी मलाच पाठवा.

जयवंत : थांब, चष्मा पुसतो. हां. पाठवला.

अबोली : आला, मामा.

जयवंत : स्पॅममध्ये नाही ना?

अबोली : नाही. समोरच आहे.

जयवंत : ये मग बाहेर. बाकीच्यांना पाठवूया.