हिऱ्याची चिंचपेटी

मण्यांचे दागिने करायला शिकवते म्हणून बायका मला मॅडम म्हणतात, एवढंच. घरी मात्र माझीच चिंचपेटी दहा महिन्यांची लेक रोज ओढून तोडते, आणि मी रांगत मणी शोधते. एखादा हिनं गिळला तर?

परवा क्लासला लासलगावच्या सुनंदाताईंनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, डिझाईन तुमचंच. फक्त माप वाढवलं."

फोटोत पोळ्याला सजवलेला बैल. गळ्यात माझी चिंचपेटी.

"अहो, नवरीचा दागिना आहे तो!"

"मग आमचा हिऱ्या काय कमी हाय? मिरवणुकीत लय उधळला, पण एक मणी नाय सांडला."

सगळ्या हसल्या. रागवायचं तर होतं, पण घरी रोज सांडणारे मणी आठवले. मी वही उघडली आणि विचारलं, "ताई, दोरा कुठला वापरलात?"