सदतीस नंबरचा पाय

—अहो, मी नाही पेशंट! माझ्या पायाला काय धाड भरलीय? आत माझी लेक आहे, मिरेया. करंगळीच्या बेचक्यात कुरूप झालंय म्हणे. आपल्याकडे त्याला कोंबड्याचा डोळा म्हणतात, तोच हो—तुम्हालाही तोच? मग झालंच. आता एवढ्याशा दुखण्याला हा डॉक्टर काय करणार, तर म्हणे एक बारीक भोक पाडणार, दाताचे डॉक्टर दाढ कोरायला घेतात तसलं काहीतरी आत घालणार आणि हाडाचं टोक घासून काढणार. बोट तेवढं बधिर, की लगेच चालत घरी! मोठा जादूगारच लागून गेलाय. आणि हाड काय फुकटचं आहे, घासत सुटायला?

तुम्ही एल्दाच्याच ना? मग तुम्हाला काय सांगायचं, या गावात बूट शिवत नाहीत असं एक घर दाखवा. पण पाय—पाय माझा! सदतीस नंबर, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बुटाचा नवा नमुना तयार झाला की आमच्या कारखान्याचा एफ्रेन मालक स्वतः गुडघ्यावर बसायचा, माझ्या पायात बूट चढवायचा नि विचारायचा, "चावतोय का गं?" मी म्हणायची, "नाही." की लागलीच चामडं कापायला घ्यायचे. अख्ख्या स्पेनच्या बायका माझ्या त्या 'नाही'वर चालल्यात, बाई! तुम्ही लग्नात कुठले घातले होते? टोकदार, पांढरे? अय्या, आमचेच ते! देखणे होते की नाही? —चावायचे? तुमचे पायच फताडे, त्याला मी काय करू? नाचता येईना, अंगण वाकडं.

चावत होता तर 'हो' म्हणायचं, म्हणता? वा! बाहेर सदतीस नंबरवाल्या पोरी रांगेत उभ्या असायच्या. हो म्हटलं की संपलं. माझ्या जागी मिरेया लागली, तेव्हा तिलाही मीच शिकवलं ना—ओठ आवळायचे नाहीत, कपाळाला आठी नको, हसून म्हणायचं, लोण्यासारखा बसलाय. पोरगी एका दिवसात शिकली. दर रविवारी चर्चला जायच्या आधी मीच तिचं कुरूप ब्लेडने तासून देते, आधी माझं, मग तिचं—म्हणजे माझं काही विशेष नाही हो, असतंच थोडं. कुणाला नसतं?

आता हाड घासलं की बोट बदललं. बोट बदललं की पाय गेला. आता कारखाना मालकाचा मुलगा बघतो, तो तिला दारात तरी उभं करील का? सकाळी तेच बजावलं तिला. तर उलट मलाच म्हणते, "आई, म्हणून तर घासून घेतेय." ऐकलंत? आईच्या तोंडावर! मी या पायावर घर उभं केलं, तिला वाढवलं, आणि ही—

थांबा. हा मिरेयाचाच आवाज ना? सुई टोचली वाटतं. डॉक्टर विचारतोय, दुखतंय का—

'हो' म्हणाली. केवढ्यांदा म्हणाली, बाई! इथवर ऐकू आलं. लाज नाही, काही नाही, सरळ "हो, दुखतंय." ...खरं सांगू? हेवा वाटला मला. पोटच्या पोरीचा.

माझ्या पायांकडे काय बघताय? तिकडे खिडकीपाशी खुर्ची रिकामी आहे. तिथे जाऊन बसा.