हळद उभी होती तोवर

वसमतच्या बसस्टँडवर प्रियदर्शनीनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात मागच्या बाकावर बसलेल्या दोघी बहिणींचं बोलणं तिच्या कानी पडलं.

"आक्का, दोन घोट पाणी तरी पी. ओठ बघ कसे सुकले."

"नको, सीमा."

"काहून नको? नर्सबाईनं गेल्या साली सांगितलं व्हतं की, दिवसाला आठ गिलास."

"हळद उभी व्हती तवर पेले बी. कमरेइतकी हळद, आत बसलं तर कुणाला दिसत न्हाई."

"मंग?"

"मंग हळद काढली. रान सपाट झालं, बांधावर समदे गडी. बाईमाणसानं जावं कुठं? सकाळच्या चहावर अंधार पडंस्तोवर राहायचं."

"असं किती वर्सं?"

"लगीन झाल्यापासून."

प्रियदर्शनीनं बाटली खाली घेतली.

"मला भायेर थांबवून डॉक्टर काय म्हणले?"

"दोन्ही किडन्या गेल्या म्हणले. आता मशीनवर रगत धुवायचं."

"आई गं!"

"रडू नको. पाणी बी मोजूनच प्यायचं, दिवसाला दोन गिलास. डॉक्टर म्हणले, लई जड जाईल. मी म्हणलं, न्हाई सायब, तेवढी एकच सवय हाय मला."